उंच इमारतीतील पाण्यावर चालणारे हीट पंप : उष्णता येते कोठून आणि पाण्याची जबाबदारी कोणाची?

ओंटारियोकर

टोरांटोतील ज्या इमारतीत मी राहतो ती ३२ मजल्यांची आहे. तीत सुमारे २५० सदनिका आहेत आणि प्रत्येक सदनिकेत, दिवाणखान्याच्या भिंतीतील उभ्या कपाटात, एक हीट पंप आहे. तीन वर्षांपूर्वी कॉन्डोच्या, म्हणजे सदनिका ज्याच्या त्याच्या आणि बाकी इमारत सामायिक अशा मालकीच्या संस्थेच्या, व्यवस्थापन मंडळावर निवडून आल्यापासून मला या यंत्रणेचा पुष्कळ अभ्यास करावा लागला. इमारतीला वीस वर्षे होऊन गेल्यामुळे आता पंप बदलण्याचा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्यावर सभासदांमध्ये मतभेद आहेत. माझे मत येथे मांडतो. ज्यांना या विषयाचा अनुभव आहे त्यांनी ते तपासून पाहावे, ही विनंती.

प्रथम रचना सांगतो. तळघरापासून गच्चीपर्यंत दोन नळांचे एक बंद वर्तुळ आहे. त्यातील पाणी रात्रंदिवस फिरत असते आणि त्याचे तापमान साधारण १५ ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखले जाते. उन्हाळ्यात सदनिकेतील पंप खोलीतील उष्णता काढून या पाण्यात सोडतो. हिवाळ्यात तोच पंप उलट दिशेने चालून पाण्यातील उष्णता उचलतो आणि खोलीला देतो. पाणी फार तापले तर गच्चीवरील कूलिंग टॉवर ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, फार निवले तर बॉयलर ते पुन्हा कोमट करतो. मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडील काचेच्या सदनिकांना दुपारी गारवा हवा असतो आणि त्याच वेळी उत्तरेकडील सदनिकांना ऊब हवी असते. तेव्हा एका बाजूला नकोशी झालेली उष्णता पाण्यावाटे दुसऱ्या बाजूला पोहोचते, आणि टॉवर व बॉयलर दोन्ही थांबून राहू शकतात. मला या यंत्रणेतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता तिची दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका पहाटे बाहेर उणे १९ अंश तापमान होते. दोन बॉयलरपैकी एक दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला होता आणि चारच्या सुमारास दुसराही बंद पडला. आमच्या वर्तुळात अंदाजे २०,००० लिटर पाणी आहे. प्रत्येक पंप त्यातून सरासरी २ किलोवॉट उष्णता उचलत होता असे धरले, तर २५० पंपांचे ५०० किलोवॉट होतात, आणि या वेगाने एवढे पाणी दर पावणेतीन मिनिटांना एक अंशाने निवते. म्हणजे २० अंशांवरून ५ अंशांवर यायला पाऊण तासही लागत नाही. आमच्याकडे जवळजवळ तसेच घडले. पाणी गोठून यंत्र फुटू नये म्हणून पंपांतील सुरक्षाव्यवस्था एकेक पंप बंद करू लागली. ज्यांच्या पंपाकडे येणाऱ्या पाण्याच्या गाळण्या तुंबलेल्या होत्या त्यांच्याकडे प्रवाह कमी होता, त्यामुळे तेथील पाणी अधिक निवत होते आणि ते पंप आधी थांबले. घर गार पडू लागलेले पाहून लोकांनी थर्मोस्टॅट वर चढवले आणि जे पंप चालू होते त्यांनी उरलीसुरली उष्णताही ओढून घेतली. बॉयलर सुरू झाल्यावरसुद्धा पाणी वर चढेना, कारण चढणारा प्रत्येक अंश लगेच कोणीतरी उचलत होते. शेवटी आम्ही घरोघरी जाऊन अर्ध्या सदनिकांना दोन तास पंप बंद ठेवण्याची विनंती केली, तेव्हा कोठे वर्तुळ सावरले.

त्या पहाटेपासून माझे मत असे झाले आहे की आपण ज्याला यंत्र म्हणतो ते कपाटात नसून नळांतून फिरणारे पाणी हेच खरे यंत्र आहे, आणि ते सर्वांचे मिळून एकच आहे. सभासदांपैकी अनेकांचे म्हणणे असे की ज्याने त्याने आपला पंप बदलावा आणि विषय संपवावा. मी म्हणतो की आधी पाणी, गाळण्या आणि प्रवाह नीट करावा. नवे पंप त्यानंतर. आपला अनुभव काय सांगतो?

तापमापक

मी न्यू जर्सीत इमारतींच्या वातानुकूलनाचे आराखडे करतो. आपले निदान मला पटते, परंतु त्यात एक हिशेब जोडायला हवा, कारण या यंत्रणेविषयी विक्रेते जे सांगतात आणि निवासी इमारतीत प्रत्यक्ष जे होते, त्यांत फरक आहे.

ही रचना १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूढ झाली. ती खरोखर शोभते कार्यालयीन इमारतींना. मोठ्या कार्यालयाच्या मध्यभागी खिडकी नसते. माणसे, दिवे आणि संगणक यांमुळे तेथे भर हिवाळ्यातही गारवा लागतो, आणि त्याच वेळी काचेलगतच्या खोल्यांना ऊब लागते. मध्यभागाची उष्णता कडेला नेता येते. निवासी मनोऱ्यात असा मध्यभाग नसतो. तेथे जिना, लिफ्ट आणि मार्गिका असतात. जानेवारीच्या रात्री सर्वच्या सर्व सदनिका उष्णता मागतात, तेव्हा देवाणघेवाण करायला शेजारी उरत नाही.

अशा रात्री एका सदनिकेला ४ किलोवॉट उष्णता लागते असे समजू. पंपाचा कार्यगुणांक, म्हणजे विजेच्या कितीपट उष्णता तो देतो हा आकडा, ४ असेल, तर तो १ किलोवॉट वीज घेतो आणि ३ किलोवॉट उष्णता पाण्यातून उचलतो. ते ३ किलोवॉट आले कोठून? बॉयलरमधून. बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर त्यासाठी सुमारे ३.३ किलोवॉट एवढा गॅस जळतो. हेच घर थेट बॉयलरच्या गरम पाण्याने तापवले असते तर सुमारे ४.४ किलोवॉटचा गॅस लागला असता. म्हणजे आपण १.१ किलोवॉट गॅस वाचवला आणि त्यासाठी १ किलोवॉट वीज खर्च केली. जेथे वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग आहे तेथे हा सौदा तोट्याचा ठरतो. कार्यगुणांक ४ आहे हे खरे असले तरी त्यावरून इमारतीचा खर्च कळत नाही. पंप उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त उचलून दुसरीकडे ठेवतो. त्यामुळे ती उचलली कोठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही आकडा अपुरा आहे.

न्यू यॉर्कमध्ये हा प्रश्न आता कायद्याने विचारला जातो. २०१९ च्या स्थानिक कायदा क्रमांक ९७ नुसार २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना कार्बन उत्सर्जनाची मर्यादा घातली आहे. ती २०२४ पासून लागू झाली, २०३० पासून ती अधिक कडक होते, आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड आहे. म्हणून बॉयलरच्या जागी काय आणता येईल याचा शोध सध्या सगळीकडे सुरू आहे.

आपल्या इमारतीला एक मोठा फायदा मात्र आहे. वर्तुळातील पाण्याला १५-२० अंशच लागतात, ६०-७० नव्हे. एवढी कोमट उष्णता जमिनीखालील विंधनछिद्रांतून, सांडपाण्यातून किंवा गच्चीवरील हवा-ते-पाणी हीट पंपातून मिळू शकते. जुन्या पद्धतीच्या रेडिएटर असलेल्या इमारतीला ही सोय सहज मिळत नाही. आपले वर्तुळ जपणे महत्त्वाचे आहे ते यासाठीही.

नदीकाठ

मी लंडनला राहते. येथे नदीतून उष्णता घेण्याचा प्रयोग जुना आहे. १९५१ साली रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये टेम्सच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसवला होता, पण तो फार काळ वापरात राहिला नाही. त्याहून जुने उदाहरण झुरिकच्या नगरभवनाचे आहे. तेथे १९३८ मध्ये लिम्माट नदीच्या पाण्यावर हीट पंप सुरू झाला. अलीकडे टेम्सकाठी किंग्स्टन येथे निवासी इमारत आणि हॉटेल यांना मिळून नदीच्या पाण्यावर ऊब पुरवली जाते. मला त्यात विशेष वाटले ते हे की नदीचे पाणी घरांपर्यंत जातच नाही. ते काठाजवळच गाळले जाते, पातळ पत्र्यांच्या उष्णताविनिमयकातून आपली थोडी उष्णता इमारतीच्या बंद वर्तुळाला देते आणि नदीत परत जाते. गाळ, शेवाळ, मासे यांचा प्रश्न काठावरच सुटतो आणि घराकडे जाणारे पाणी स्वच्छ राहते.

टोरांटोला तर एवढे मोठे सरोवर आहे. त्याची उष्णता आपल्या वर्तुळाला घेता येणार नाही का?

ओंटारियोकर

नदीकाठ, हा प्रश्न आमच्या सभेतही आला होता. टोरांटोच्या मध्यवर्ती भागात २००४ पासून सरोवराच्या खोल पाण्याचा उपयोग केला जातो. किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीवरून ४ अंशांचे पाणी आणले जाते. ते शहराच्या पिण्याच्या पुरवठ्याचेच पाणी आहे. नळांत जाण्यापूर्वी ते आपला गारवा उष्णताविनिमयकांतून इमारतींच्या बंद वर्तुळाला देते. एकच पाणी दोन कामे करते, आणि गारव्यासाठी कॉम्प्रेसर चालवावा लागत नाही. या योजनेविषयी मला मनापासून आदर आहे.

परंतु ही योजना उन्हाळ्याची आहे. हिवाळ्यात ४ अंशांच्या पाण्यातून उष्णता काढायची तर हाताशी फार थोडे अंश राहतात, कारण चार अंश खाली गेले की बर्फ. शिवाय आमची इमारत त्या जाळ्यापासून दूर आहे. सांडपाण्याचा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो, कारण अंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी भर हिवाळ्यातही कोमट असते. व्हँकुव्हरमध्ये २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी वसवलेल्या फॉल्स क्रीक परिसरात सांडपाण्यातून उष्णता घेऊन इमारतींना ऊब व गरम पाणी दिले जाते.

तापमापक, आपला हिशेब मी मंडळापुढे जसाच्या तसा ठेवणार आहे.

सातवा मजला

मी अभियंता नाही. जर्सी सिटीत अशाच इमारतीत सहा वर्षे भाडेकरू आहे, त्यामुळे राहणाऱ्याची बाजू लिहिते. यापूर्वी आम्ही ज्या इमारतीत होतो तेथे घरोघरी पंप नव्हते, नळांतून सगळ्यांना एकतर गार किंवा गरम पाणी येई आणि वर्षातून दोनदा सगळी इमारत गारव्याकडून उबेकडे किंवा उलट फिरवली जाई. मे महिन्यात अचानक ३० अंश झाले तरी व्यवस्थापनाने ठरवलेली तारीख येईपर्यंत खिडक्या उघडून बसावे लागे. त्यात माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या आणि त्यांना धाप लागत असे. आताच्या घरी एका खोलीत ऊब आणि शेजाऱ्याकडे गारवा, असे एकाच दिवशी चालते. ही सोय आकड्यांत येत नाही, पण घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर तिचे मोल कळते.

तक्रार एकच, आवाजाची. कॉम्प्रेसर झोपण्याच्या खोलीला लागूनच आहे. गेल्या वर्षी पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगितले की यंत्राखालचे रबरी पट्टे कडक झाले आहेत. ते बदलल्यावर आवाज निम्म्याने तरी कमी जाणवू लागला. नवे पंप घेताना ओंटारियोकरांनी या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. दुसरे असे की हवेची जाळी आम्ही दर तीन महिन्यांनी बदलतो. ती तुंबली की पंपावरचा ताण वाढतो.

मुठाकाठ

धागा वाचून एक प्रश्न पडला. पुण्या-मुंबईत आता ३०-४० मजली इमारती सर्रास उभ्या राहत आहेत. प्रत्येक घरात दोन-तीन स्प्लिट एसी, आणि त्यांचे बाहेरचे भाग अरुंद शाफ्टमध्ये एकावर एक लावलेले. खालच्या एसीने सोडलेली गरम हवा वरचा एसी घेतो, आणि वरच्या मजल्यावरील लोकांना मे महिन्यात घर गार होत नसल्याचा अनुभव येतो. पाण्याचे वर्तुळ असते तर हे टळले असते. मग आपल्याकडे ही पद्धत निवासी इमारतींत का दिसत नाही?

तापमापक

मुठाकाठ, शाफ्टचे आपले निरीक्षण बरोबर आहे आणि पाण्याच्या वर्तुळाने तो प्रश्न नक्की सुटेल. अडचण निराळीच आहे.

आपल्याकडे ऊब जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे एका घराची उष्णता दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. सगळी उष्णता टॉवरमधूनच बाहेर टाकावी लागते, आणि टॉवर ती टाकतो पाण्याची वाफ करून. एक टन क्षमतेचा, म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट गारवा देणारा पंप, कॉम्प्रेसरची उष्णता धरून सुमारे ४.३ किलोवॉट उष्णता पाण्याला देतो. एवढी उष्णता बाष्पीभवनाने घालवायची तर ताशी ६ लिटरहून थोडे अधिक पाणी उडून जाते. शंभर घरे, प्रत्येकी दोन टन आणि पूर्ण भाराने आठ तास असे धरले, तर दिवसाला सुमारे १०,००० लिटर, म्हणजे एक टँकर. टॉवरमधील क्षार साचू नयेत म्हणून जे पाणी वेळोवेळी सोडून द्यावे लागते ते याखेरीज. ज्या गृहनिर्माण संस्था मार्चपासूनच टँकरवर असतात त्यांना हे परवडणार नाही. मात्र इमारतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील पाणी योग्य शुद्धीकरणानंतर टॉवरला वापरता येते. तशी व्यवस्था आराखड्यातच केली असेल तर चित्र बदलते.

येथे एक इशारा द्यायला हवा. टॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जीवाणू पसरू शकतात. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये अशीच जीवघेणी साथ आली आणि त्यानंतर शहरातील सर्व कूलिंग टॉवरांची नोंदणी व नियमित तपासणी सक्तीची झाली. ज्या संस्थेला टाकी वेळेवर धुऊन घेणे जमत नाही तिने टॉवरच्या वाटेला जाऊ नये.

दर्यावर्दी

मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या यंत्रविभागात काम केले आहे. ‘आपल्याकडे ऊब लागत नाही’ या तापमापकांच्या विधानाला एक जोड देतो : खोलीला लागत नाही, पण पाण्याला लागते. हॉटेल, रुग्णालय, वसतिगृह येथे वर्षभर गरम पाणी हवे असते आणि वर्षभर गारवाही हवा असतो. खोल्यांतून काढलेली उष्णता हवेत फेकून देण्याऐवजी दुसऱ्या हीट पंपाने ५५-६० अंशांपर्यंत चढवून टाकीत साठवली, तर एकाच विजेत दोन कामे होतात आणि टॉवरवरचा भारही तेवढ्याने कमी होतो. निवासी इमारतीतही रात्री झोपताना गारवा आणि सकाळी सहा ते नऊ अंघोळीला गरम पाणी अशीच वेळ असते. मध्ये लागते ती फक्त चांगली वेष्टित टाकी. आज त्याऐवजी प्रत्येक घरात २ किलोवॉटचा गीझर लावलेला असतो.

समुद्राविषयीही थोडे. हाँगकाँगमध्ये एचएसबीसी बँकेच्या १९८५ च्या मुख्य इमारतीचे वातानुकूलन समुद्राच्या पाण्यावर चालते, त्यासाठी बंदरापासून इमारतीपर्यंत बोगदा खणला होता. त्यामुळे गोडे पाणी वाफ होऊन जात नाही. मुंबईचा समुद्र पावसाळ्यापूर्वी खूप कोमट असतो, गाळ फार आणि शिंपले-कालवे नळांत घर करतात. तरीही किनाऱ्यालगतच्या व्यापारी संकुलांनी एकत्र येऊन याचा विचार करावा असे मला वाटते. एकट्या इमारतीला ते पेलणार नाही.

कायदेपंडित नाही

मीही ओंटारियोमध्ये आहे. मूळ प्रश्नाकडे वळतो. ओंटारियोकर, तुमच्या कॉन्डोच्या घोषणापत्रात, म्हणजे मालकीच्या मूळ दस्तऐवजात, पंप कोणाच्या मालकीचा लिहिला आहे? आमच्याकडे पंप सदनिकाधारकाचा आणि रायझर, म्हणजे मजल्यांमधून वर जाणारे उभे नळ, सामायिक. राखीव निधी फक्त सामायिक भागांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वापरता येतो, म्हणून मंडळाने नळांपुरते काम केले आणि पंप ज्याच्या त्याच्यावर सोडले. परिणाम असा झाला की काहींनी नवे पंप लावले, काहींनी आर-२२ या जुन्या शीतक वायूवर चालणारेच ठेवले, आणि एका सदनिकेत कंत्राटदाराने नव्या पंपाचा प्रवाह-नियंत्रक झडपच बसवली नाही. त्या एका घरातून गरजेच्या कितीतरी पट पाणी वाहू लागले आणि त्याच रायझरवरील वरच्या चार मजल्यांचे पंप उन्हाळाभर बंद पडत राहिले. कारण सापडायला आम्हाला दोन महिने लागले.

ओंटारियोकर

हा अनुभव फार मोलाचा आहे, कारण नेमकी हीच भीती मला होती. आमच्याकडेही पंप सदनिकाधारकाचा आहे आणि नळ सामायिक. कागदोपत्री सीमा कपाटातल्या दोन झडपांपाशी आहे. पाणी ती सीमा मानत नाही.

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी सभेपुढे असा प्रस्ताव मांडणार आहे. पंप कोणी, कधी घ्यावा हे सदनिकाधारकाच्या हाती राहील. परंतु त्याला जोडणाऱ्या लवचिक नळ्या, गाळणी आणि प्रवाह-नियंत्रक झडप यांचा नमुना मंडळ ठरवेल, आणि बसवल्यानंतर आमचा माणूस प्रवाह तपासल्याखेरीज झडप उघडली जाणार नाही. ३२ मजल्यांच्या पाण्याच्या उंचीमुळे तळाशी ९ बारहून अधिक दाब असतो, त्यामुळे खालच्या मजल्यांवर स्वस्त नळी लावणे धोक्याचे आहे, हेही त्यात नमूद करीन. गाळण्यांची सफाई सामायिक खर्चातून, वर्षातून एकदा, सर्व घरांची एकाच आठवड्यात होईल. एक बॉयलर उघडलेला असताना बाहेरचे तापमान उणे १० च्या खाली जाणार असेल, तर तात्पुरता बॉयलर भाड्याने आणायचा, हा नियम मी लेखी मागणार आहे. सांडपाण्याच्या उष्णतेचा अभ्यास राखीव निधीच्या पुढील पाहणीत घ्यावा, अशी विनंतीही करीन.

त्याआधी एक साधे मोजमाप करायचे ठरले आहे. प्रत्येक घरात गारव्यावर पंप चालू असताना आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरक नोंदवायचा. तो साडेपाच अंशांच्या आसपास असावा. आठ-नऊ अंश दिसला तर त्या घराला पाणी कमी मिळते आहे, दोन-तीनच दिसला तर ते घर इतरांचे पाणी ओढते आहे किंवा पंपच दुबळा झाला आहे. तळघरातील मुख्य पंपांपासून सर्वांत दूर वरचे मजले आहेत, म्हणून सुरुवात ३२व्या मजल्यापासून करणार आहोत. तेथील आठपैकी सहा घरांनी येत्या शनिवारी दार उघडायला होकार दिला आहे.